पाण्याने निवणारे गणकयंत्र

इसवी सन १८५० च्या मे महिन्यात ठाणे जिल्ह्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम चौक या गावी होता. माथेरानच्या दक्षिणेस, डोंगराच्या अगदी पायथ्याशी वसलेले हे गाव मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या रस्त्यावरचे. पण उन्हाळ्यात तेथे मुक्काम करणे म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसणे. समुद्राचा वारा इतक्या आत पोचत नाही आणि घाटमाथ्याचा गारवा खाली उतरत नाही. एके संध्याकाळी मॅलेटसाहेब एका ओढ्याच्या पात्राने डोंगर चढून गेले. त्या ओढ्याच्या दोन बाजूंच्या टोकांना पुढे वन ट्री हिल आणि चौक पॉइंट ही नावे मिळाली. वर गर्द झाडीत त्यांना जी गार हवा लागली, तिच्यातून माथेरान हे हवा खाण्याचे ठिकाण उदयास आले. डोंगरावरच्या ठाकर-धनगरांना ती हवा अर्थातच आधीपासून ठाऊक होती. इतिहासात नोंद मात्र कलेक्टरांची झाली.

उकाड्यावर माणसाने काढलेला हा सर्वांत जुना तोडगा होय: आपण उठावे आणि थंड जागी जावे. यंत्राला हे साधत नाही. ते बसल्या जागी तापते, आणि थंडावा त्याच्याकडे आणावा लागतो. किंबहुना, अधिक काटेकोर बोलावयाचे तर, त्याची उष्णता तेथून उचलून दुसरीकडे नेऊन टाकावी लागते. मेजावर मावणारे गणकयंत्र पाण्याने निववण्याची जी विद्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हौशी लोकांनी हस्तगत केली, तिचे सारे मर्म या ‘दुसरीकडे’ या एका शब्दात साठलेले आहे.

गणकयंत्र तापते का, हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. विहिरीवरच्या पंपाला दिलेल्या विजेपैकी काही भाग पाणी वर चढवण्यात खर्ची पडतो, आणि ते वर चढलेले पाणी डोळ्यांना दिसते. गणकयंत्राला दिलेल्या विजेचे असे काहीच उरत नाही. त्याने सोडवलेले गणित तागडीत तोलता येत नाही. पाचशे वॉट वीज आत गेली की जवळजवळ पाचशे वॉट उष्णता बाहेर पडते. हा व्यवहार पै-पैशापर्यंत चुकता होतो. म्हणून जे जे मोठे गणकयंत्र उभारले गेले, त्याच्या कर्त्यांना गणिताच्या जोडीने उष्णतेचाही विचार करावाच लागला.

अमेरिकेत १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिअॅक या यंत्रात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या आणि त्याला दीडशे किलोवॉटच्या आसपास वीज लागे. ती सारी उष्णता बाहेर ढकलण्यासाठी प्रचंड झोताचे पंखे बसवावे लागले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी आधी एक लहान प्रायोगिक यंत्र बांधले, आणि मग १९६० च्या फेब्रुवारीत पूर्ण आकाराचे यंत्र कामास लावले. संस्थेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, त्या वेळी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण करण्यात आले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक होते. चाळीस अंकस्थानांचे २,०४८ शब्द त्याच्या स्मरणात राहत. ज्या मंडळींनी ते बांधले त्यांतील बहुतेकांनी तोपर्यंत गणकयंत्र वापरलेले नव्हते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्यांच्या धाडसाची कल्पना येते. परंतु एनिअॅक काय किंवा टिफ्रॅक काय, दोहोंचीही भिस्त हवेवरच होती.

पाण्याची युक्ती गणकयंत्रवाल्यांनी शोधून काढली नाही. ती त्यांना तयार मिळाली. मोटारगाडीच्या इंजिनाभोवती पाणी खेळवावयाचे, तापलेले पाणी पातळ पत्र्यांच्या जाळीतून न्यावयाचे, त्या जाळीवर वारा घालून पाणी निववावयाचे आणि पुन्हा इंजिनाकडे पाठवावयाचे, ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवून पक्की केली. चौकच्या रस्त्याला तर ही विद्या रोज दिसत असे. खोपोली सोडून बोरघाटाची चढण लागली की जुन्या मोटारींची पाणी उकळून वाफ निघे, आणि बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतणारे ड्रायव्हर हा त्या घाटातला नेहमीचा देखावा होता.

पाण्यालाच हा मान का मिळाला, हे एका हिशेबाने कळते. साडेतीनशे वॉट उष्णता देणाऱ्या चिपवरून मिनिटाला एक लिटर पाणी वाहू दिले, तर ते पाणी जेमतेम पाच अंशांनी तापते. तेवढीच उष्णता तेवढ्याच तापमानवाढीत हवेने वाहून न्यावयाची म्हटले, तर मिनिटाला साडेतीन हजार लिटर हवा त्या चिमुकल्या जागेवरून लोटावी लागते. हवा लोटता येते, नाही असे नाही. पण तिचा आवाज कानाला असह्य होतो आणि नखाएवढ्या चिपवर तिची पकड बसत नाही.

आय. बी. एम. कंपनीने १९६४ साली जाहीर केलेल्या ‘३६०’ मालिकेतील ‘९१’ क्रमांकाचे यंत्र पाण्याने निववावे लागले, कारण वेगासाठी त्यातील भाग इतके दाटीने बसवले होते की नुसत्या हवेचा तेथे निभाव लागेना. सेमूर क्रे यांच्या १९६४ च्या ६६०० या यंत्रात फ्रीऑन हा शीतकपेटीतला द्रव खेळवला होता. या परंपरेचा कळस १९८० मध्ये जाहीर झालेल्या आय. बी. एम.च्या ३०८१ या यंत्रात पाहावयास मिळतो. तळहाताहून थोड्या मोठ्या एका ठोकळ्यात शंभराहून अधिक चिप. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबून धरलेला अॅल्युमिनियमचा एक दट्ट्या. फटीफटीतून उष्णता नीट वाहावी म्हणून भोवती हेलियम वायू. आणि सर्वांच्या डोक्यावर थंड पाणी खेळवलेली थाळी. पाणी विजेच्या इतक्या निकट आणूनही त्याचा एक थेंब चिपला शिवू नये, या एका हट्टापायी घडवलेले हे नाजूक शिल्पच होते.

आणि मौज अशी की, दहा-पंधरा वर्षांत हे सारे शिल्प अडगळीत गेले. सीमॉस या पद्धतीच्या चिप फार थोड्या विजेवर चालू लागल्या, त्यांना पंखा पुरला, आणि नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासून मोठ्या गणकयंत्रांतून पाण्याचे नळ काढून टाकण्यात आले. भारताची वाटचाल याच काळातली. हवामानाच्या अंदाजासाठी देशाला हवे होते त्याहून कमी ताकदीचे क्रे यंत्र अमेरिकेने देऊ केले. १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था विजय भटकर यांच्या धुरीणत्वाखाली उभी राहिली. आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाले. एका प्रचंड, तापट मेंदूऐवजी पुष्कळ लहान मेंदू एकत्र राबवावयाचे, हे परमचे सूत्र. पाण्याच्या नळांवाचून मोठे गणित करण्याचाच तो एक मार्ग होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पाणी परत आले ते वरून नव्हे, खालून. म्हणजे कारखान्यांच्या यंत्रशाळांतून नव्हे, तर घरोघरच्या मेजांवरून. १९९८ साली इंटेल कंपनीची सेलेरॉन ३००ए ही स्वस्त चिप बाजारात आली. सेकंदाला तीस कोटी ठोके घेण्यासाठी ती विकली जाई. हौशी लोकांच्या ध्यानात आले की तिला पंचेचाळीस कोटी ठोक्यांवरही पळवता येते. मग प्रत्येक चिपला तिच्या ठरीव वेगापलीकडे ताणून पाहण्याचे वेडच लागले. परंतु ठोके वाढवावयाचे तर विजेचा दाब वाढवावा लागतो, आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता वाढते. पंखे अपुरे पडू लागले, तेव्हा या मंडळींनी मोडीत निघालेल्या मोटारींचे लहान रेडिएटर आणले, माशांच्या काचपेटीतला पंप घेतला, तांब्याचा ठोकळा कोरून त्यात पाण्याची वाट केली आणि नळ्यांनी हे सर्व जोडून दिले. घाटातल्या मोटारीची विद्या अशा रीतीने शब्दशः उचलून गणकयंत्रात घालण्यात आली. २००४ मध्ये इंटेलने चारशे कोटी ठोक्यांची पेंटियम ४ चिप काढण्याचा बेत रद्द केला. उष्णतेपुढे खुद्द कारखानदारांनीच हात टेकले, हे त्या वर्षी साऱ्या जगाला दिसले. त्याच वर्षी अॅपल कंपनीचे पॉवर मॅक जी-५ हे मेजावरचे यंत्र द्रवाने निववलेले असे तयारच विकावयास आले.

असे यंत्र स्वतः बांधावयाचे तर काय योजना करावी लागते, हे थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. कारण त्यात कौशल्यापेक्षा संयमाची कसोटी अधिक लागते. प्रथम बेरीज करावयाची. समजा, मुख्य प्रोसेसर दीडशे वॉट उष्णता देतो आणि चित्रे रेखाटणारे ग्राफिक्स कार्ड साडेतीनशे. मग पाचशे वॉट वाहून न्यावयाचे आहेत. १२० मिलिमीटर पंख्याच्या एका घराएवढ्या रेडिएटरला शंभर-सव्वाशे वॉट, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. तेव्हा चार-पाच घरे हवीत, आणि ती मावतील अशी पेटी हवी. पुष्कळांची पहिली चूक येथेच होते: पेटी आधी विकत घेतली जाते आणि हिशेब मागून होतो.

दुसरी गोष्ट धातूंची. तांब्याचे ठोकळे आणि अॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले की ते पाणी हळूहळू विजेच्या घटासारखे वागू लागते आणि अॅल्युमिनियम झिजत जाते. वर्षभरात पाणी गढूळ होते, बारीक वाटा बुजतात, आणि दोष मात्र पंपाला दिला जातो. यासाठी साऱ्या वाटेवर तांबे, पितळ आणि निकेल एवढेच असू द्यावे. पाणीही नळाचे चालत नाही. क्षारांवाचूनचे, ऊर्ध्वपातित, ज्याला दुकानात डिस्टिल्ड वॉटर म्हणतात ते घ्यावे आणि शेवाळ धरू नये असे औषध त्यात घालावे. पंप टाकीच्या खाली बसवावा, म्हणजे तो कोरडा फिरत नाही. ठोकळ्यांचा क्रम कोणता असावा, यावर हौशी मंडळी फार वाद घालतात. वस्तुतः पाणी इतक्या वेगाने फिरते की त्याच्या तापमानात ठिकठिकाणी दोन-चार अंशांहून अधिक फरक पडत नाही, आणि तो वाद सोडून दिला तरी चालण्यासारखे आहे.

सर्व जोडणी झाली की खरी परीक्षा. गणकयंत्राला वीज न देता केवळ पंप चालू करावयाचा, प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद अंथरावयाचा आणि चोवीस तास वाट पाहावयाची. मधून मधून पेटी कलती करून अडकलेली हवा टाकीकडे आणावी लागते. ज्याने महिनोन्महिने पैसे साठवून भाग जमवले, त्याला ते यंत्र चालू झालेले पाहण्याची घाई असते. आणि जोडणीच्या संध्याकाळीच ते चालू करून पाण्याचे दोन थेंब मदरबोर्डवर पडल्यामुळे सारी मिळकत गमावलेल्या माणसांच्या कहाण्या या छंदात काही कमी नाहीत. सकाळी कागद कोरडे निघाले, तरच विजेची तार लावावी.

आता हीच योजना चौकात करून पाहू. युरोपातल्या एखाद्या घरात खोलीचे तापमान वीस अंश असते. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. चांगल्या व्यवस्थेत पाणी हवेहून दहा अंशांनी उष्ण राहते. तेथे ते तीस अंशांवर राहील. वैशाखात चौक-कर्जतच्या पट्ट्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. बंद खोलीत अडतीस धरले तरी पाणी अठ्ठेचाळीस अंशांवर फिरणार. या छंदात वापरले जाणारे बहुतेक पंप आणि प्लास्टिकच्या नळ्या साठ अंशांच्या आतच वापरावयाच्या असतात. म्हणजे परदेशी पुस्तकी योजनेत जी तीस अंशांची सोय आहे, ती येथे बारा अंशांवर येते. मग कोणी म्हणेल, पाणी यंत्राने गार करून सोडावे. तर आषाढात हवा इतकी ओलसर असते की खोलीहून थोड्याही थंड नळीवर दव धरते, आणि बाहेरून आत न आलेले पाणी आतल्या आत मदरबोर्डवर ठिबकू लागते. कोकणातल्या योजकाने म्हणून रेडिएटर हिशेबाहून मोठा घ्यावा, पेटी खिडकीशी ठेवावी आणि वर्फाचा मोह टाळावा, हेच श्रेयस्कर.

हवेपेक्षा पाणी गार करण्याची एक रीत मात्र या देशात घरोघर होती: माठ. मातीतून पाझरलेले पाणी वाळताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. काही हौशी लोकांनी नळावाटे पाणी वरून शिंपडून असे निववण्याचेही प्रयोग केले आणि ते कोरड्या हवेत उत्तम चालले. परंतु माठ रोज भरावा लागतो, आणि येथे मेजावरच्या यंत्राची गोष्ट अकस्मात मोठी होते.

मेजावरच्या बंद वाटेत एकदा लिटर-दीड लिटर पाणी भरले की वर्षभर बहुधा तेवढेच पुरते. तेथे पाणी हा नुसता वाहक आहे. ते खर्च होत नाही. पण हजारो गणकयंत्रे एका छपराखाली राबवणारी जी माहितीकेंद्रे गेल्या काही वर्षांत उभी राहिली, त्यांपैकी अनेकांच्या गच्चीवर माठाच्याच तत्त्वावर चालणारे निववणीचे मनोरे असतात. एक लिटर पाणी वाळून जाताना सुमारे चोवीस लाख ज्यूल उष्णता नेते. या हिशेबाने एक मेगावॉट उष्णता केवळ पाणी वाळवून घालवावयाची, तर दिवसाला पस्तीस हजार लिटर पाणी हवेत जाते. हा कोणा एका केंद्राचा हिशेब नव्हे, तो पाण्याच्या स्वभावाचा हिशेब आहे.

चौक परिसराला हा हिशेब परका नाही. येथून खोपोलीपर्यंतचा सारा पट्टा विजेने आणि पाण्याने शंभर वर्षांपूर्वीच मुंबईशी बांधला गेला. घाटमाथ्यावर तळी बांधून त्यांचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली सोडावयाचे आणि मुंबईच्या गिरण्या चालवावयाच्या, या टाटांच्या योजनेतील खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले. पुढच्या योजनेसाठी मुळशीचे खोरे बुडावयाचे ठरले, तेव्हा १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, आणि त्याच्या नेतृत्वातून पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. धरण झाले ते झालेच. नंतरच्या काळात चौकजवळ धावरी नदीवर मोरबे धरण बांधले गेले. ते नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे. त्याचे पाणी भोकरपाडा येथे शुद्ध होते. दिवसाला ४५ कोटी लिटर, एवढी तेथील क्षमता. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांच्या पुनर्वसनाच्या मागण्या धरण भरल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहिल्या.

त्याच बाजूला, चौकाहून पनवेलकडे जाताना, पनवेल तालुक्यात २०२० च्या जुलैमध्ये योट्टा या कंपनीचे एक माहितीकेंद्र सुरू झाले. ७,२०० कपाटे आणि ५० मेगावॉट वीज, अशी त्याची घोषित क्षमता आहे. ज्या रस्त्यावर मोटारी रेडिएटरमध्ये पाणी भरत थांबत, त्याच्या आसमंतात गणकयंत्रांची एवढी मोठी वखार उभी राहावी, हा योगायोग खरा. पण वीज, जागा आणि मुंबईचे सान्निध्य या तीनही गोष्टी खोपोलीच्या वीजघराला लागल्या होत्या त्याच आहेत.

या माठाच्या पेचातून सुटण्याची वाट पुन्हा त्या बंद वाटेनेच दाखवली. झुरिच येथे २०१० मध्ये ‘अॅक्वासार’ नावाचे यंत्र बांधताना संशोधकांनी उलटा विचार केला. चिप ऐंशी अंशांपर्यंत तापली तरी बिघडत नाही; मग तिला गार पाणी कशाला? त्यांनी साठ अंशांचे पाणी आत सोडले आणि बाहेर आलेल्या अधिक ऊन पाण्याने इमारती उबवल्या. म्युनिकजवळच्या ‘सुपरएम्‌यूसी’ या महागणकाने २०१२ मध्ये हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले. त्याला पंचेचाळीस अंशांपर्यंतचे पाणी चालत असे. पुण्यात भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महागणकातही पाणी थेट चिपच्या पाठीपर्यंत नेलेले आहे. ज्या परमने पाण्यावाचून आरंभ केला, त्याच्याच वंशात अठ्ठावीस वर्षांनी पाणी आले.

युरोपला या ऊन पाण्याचा लाभ हिवाळ्यात उबेसाठी होतो. चौकात ऊब कोणालाच नको आहे. येथला लाभ निराळा. पाणी पंचेचाळीस अंशांवर आत सोडावयाचे असेल, तर वैशाखातल्या दुपारची चाळीस अंशांची हवादेखील त्याच्या मानाने पाच अंशांनी थंडच ठरते. मग मनोऱ्यावर पाणी वाळवावे लागत नाही. मोठे रेडिएटर आणि मोठे पंखे पुरतात. जागा अधिक लागते, लोखंड-तांबे अधिक लागते, पंख्यांची वीज अधिक लागते. बांधणाऱ्याला हा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. पाण्याचे बिल मात्र पुढे कित्येक वर्षे थोडे थोडे येत राहते, आणि बहुतेक योजनांत या दोहोंची तुलना पैशात केली जाते.